डीपीवर हरकत घ्यायची की नगरसेवकाला गाठायचं?

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गार्डन होणार की टॉवर, याची काळजी असलेल्या ठाणे-नवी मुंबईकरांपुढे मुख्य दोन रस्ते आहेत, एक म्हणजे विकास आराखड्यावर (डीपी, म्हणजे कुठली जागा कशासाठी वापरायची याचा पालिकेचा नकाशा) लेखी हरकत आणि दुसरा नगरसेवक-प्रभाग समिती. लोक चुकीच्या दारात वर्षानुवर्षं खेटे घालतात, ते बघून खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी हरकत. पालिकेने प्रारूप डीपी प्रसिद्ध केला (नवी मुंबईत 2022 ला, ठाण्यात 2024 ला झाला) की 1966 च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 26 प्रमाणे कुणीही हरकत-सूचना देऊ शकतं, भाडेकरूसुद्धा, वकील लागत नाही, आणि मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते. नेरुळच्या फ्लेमिंगोंच्या पाणथळ जागांसाठी लोक याच वाटेने भांडले. पण "आमच्या भागात गार्डन हवं" एवढंच लिहून काही होत नाही. नकाशावरचा आरक्षण क्रमांक (आरक्षण म्हणजे गार्डन, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा), सेक्टर-प्लॉट किंवा सर्व्हे नंबर, आज तिथे काय आहे त्याचे फोटो आणि नेमकं काय बदलायचं ते एका वाक्यात, असं पाहिजे. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्याच, कारण सुनावणीत बोलायला फार वेळ मिळत नाही, तिथे कागदच बोलतो. तोटा एकच पण मोठा, मुदत गेली की गेली. नंतर कलम 37 खाली मंजूर डीपीत कुणी फेरबदल आणला तर महिनाभराची नोटीस निघते, तेव्हा परत संधी असते, पण ती नोटीस पेपरात कोपऱ्यात येते आणि कुणी वाचत नाही.

आता नगरसेवक. फुटपाथ, गटार, दिवे, गार्डनमधला तुटलेला झोका, अशा कामांना यांच्यासारखा जवळचा रस्ता नाही. नवी मुंबईत 2020 पासून आणि ठाण्यात 2022 पासून थेट 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होते, तेव्हा नगरसेवक नसल्याने काय अडतं ते सगळ्यांनी बघितलं. मात्र पॅनल पद्धतीमुळे एका प्रभागात अनेक नगरसेवक आणि एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, म्हणून पत्र सगळ्यांना द्या आणि एक प्रत प्रभाग कार्यालयात. जमिनीचं आरक्षण मात्र नगरसेवकाच्या तोंडी आश्वासनाने बदलत नाही, हे कृपया लक्षात ठेवा.

याशिवाय एक छोटा रस्ता म्हणजे लोकशाही दिन, अधिकारी थेट नागरिकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस: महिन्याचा पहिला सोमवार, 15 दिवस आधी अर्ज. वैयक्तिक तक्रारीला ठीक, आरक्षणाला उपयोग नाही.

नवी मुंबईकरांनी एक जास्तीचं काम करायचं, प्लॉट सिडकोकडे (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आहे की पालिकेला हस्तांतरित झालाय ते आधी शोधा. सिडकोने विकायला काढलेल्या प्लॉटवर पालिकेने आरक्षण टाकलं म्हणून दोघांत वाद झालेत, त्यामुळे पत्र दोन्हीकडे जायला हवं. टीटीसी एमआयडीसीच्या (ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक वसाहत) हद्दीत तर नियोजन एमआयडीसीचं असतं. प्लॉट कुणाकडे आहे ते कळत नसेल तर 10 रुपयांचा आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

माझं मत सरळ आहे, जागेचा प्रश्न असेल तर आधी हरकत, नगरसेवक नंतर. पण नंतर म्हणजे कधीच नाही असं करू नका हां, कारण आरक्षण टिकलं तरी पालिकेने 10 वर्षांत जागा घेतली नाही तर मालक कलम 127 ची नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या 24 महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षणच रद्द होतं. म्हणजे हरकत जिंकूनही गार्डन हातचं जाऊ शकतं. त्यामुळे दरवर्षी बजेटच्या आधी, थंडी संपायच्या आत, नगरसेवकांना लेखी विचारा की अमुक आरक्षणाच्या भूसंपादनासाठी यंदा किती तरतूद धरलीय.