टिक्का टी३एक्स बंदूक आणि ७ एमएम-०८ काडतूस: नऊ महिन्यांचा अनुभव

बंदूक घेण्याआधी मी दीड महिना नुसते तक्ते वाचले. कुठल्या काडतुसाची गोळी ३०० यार्डांवर किती इंच खाली येते, तिथे तिच्यात किती जोर उरतो, सगळं तोंडपाठ झालं होतं. नोव्हेंबरात हरीण मिळालं ते ६४ यार्डांवर. गावच्या घराच्या ओटीवरून पाणंदीचं वळण दिसतं, साधारण तेवढं अंतर.

मी मूळची कुडाळकडची, बारा वर्षं विस्कॉन्सिनात आहे. आजोबांकडे शेतीरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. डुकरं भातात उतरली की रात्री बार काढायचे, बस. हरणाची शिकार तिकडे १९७२ च्या कायद्यापासून गुन्हाच आहे, त्यामुळे हे सगळं इथलं समजा. इथे १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा परवाना काढायचा तर आधी सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो. तो मी केला. बंदुकीच्या हरीण-हंगामाचे मुख्य दिवस नऊ, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून.

पहिल्यांदा नेम धरला तो शेजारच्या निवृत्त शिक्षकांच्या थर्टी-ओ-सिक्सने. हे काडतूस १९०६ चं, आणि इथल्या निम्म्या घरांत ते असावं असं त्यांचं म्हणणं. पाच बार काढले, पाचही कागदाच्या खालच्या कोपऱ्यात. मला वाटलं स्कोप (बंदुकीवरची नेम धरायची दुर्बीण) बिघडलाय. त्यांनी काही न बोलता बंदूक हातात घेतली, पाठ फिरवून भरली आणि परत दिली. मी चाप ओढला. नुसतं ‘टक्’. आत रिकामं सरावाचं काडतूस होतं, पण नळीचं तोंड मात्र वीतभर खाली गेलेलं. धक्का बसायच्या आधीच मी खांदा चोरत होते. इतकी लाज मला ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास झाले तेव्हाही वाटली नव्हती.

त्या दिवशी तक्ते बंद केले आणि धक्क्याचा आकडा बघायला लागले. सर्वसाधारण वजनाच्या बंदुकीत थर्टी-ओ-सिक्सचा धक्का २० फूट-पौंडांच्या आसपास, .३०८ चा १५-१६, ७ एमएम-०८ चा १२-१३, .२४३ चा ९ (ही सगळी काडतुसांचीच नावं). थ्री-हंड्रेड मॅग्नम २५ च्या पुढे जातं. दुकानातला एक मुलगा मला तेच विकायला बघत होता, ‘एकदाच घ्या, एल्कलाही चालेल’ म्हणून. एल्क म्हणजे इथलं खूप मोठं हरीण. विस्कॉन्सिनात एल्कचे परवाने लॉटरीने, तेही मोजकेच निघतात!

.२४३ सोडलं ते गोळीमुळे. घरात दोन लहान मुलं आहेत आणि मटण तीही खाणार. शिशाची गोळी आत फुटते तेव्हा तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब जातात, डोळ्याला दिसतही नाहीत. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात याच कारणाने गरजूंसाठी दान आलेलं हरणाचं मटण वाटू नका म्हणून सांगितलं होतं. म्हणून तांब्याची गोळी. तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि हरणाला लागल्यावर नीट उमलायला तिला वेगही हवा. .२४३ मध्येही तांब्याच्या गोळ्या मिळतात, हरणं पडतातही, पण जरा जड गोळी असली की नवशिकीला थोडी मोकळीक मिळते असं मला वाटलं. ७ एमएम-०८ म्हणजे .३०८ चंच काडतूस, तोंड आवळून ७ एमएमची गोळी बसवलेलं. १९८० पासून बाजारात आहे. मी १४० ग्रेन वजनाची तांब्याची गोळी वापरते. ६.५ क्रीडमोर हे काडतूसही चाललं असतं, खोटं कशाला बोलू. पण आखूड दस्त्याची (दस्ता म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा भाग) बंदूक दुकानात होती ती याच काडतुसाची.

आणि दस्ता हाच खरा मुद्दा. माझी उंची पाच फूट एक इंच. नेहमीचा दस्ता मला लांब पडतो, मग मान ताणली जाते आणि डोळा स्कोपच्या मध्यावर येतच नाही. टिक्का टी३एक्स लाइटच्या काँपॅक्ट प्रकारात तो आखूड येतो. (फिनिशमध्ये टिक्का म्हणजे सुतारपक्षी. आमच्या घरी अर्थातच चिकन टिक्का.) बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) लोण्यासारखा सरकतो, चाप न अडखळता सुटतो. मॅगझिनमध्ये तीन काडतुसं बसतात, मला पुरेत. बंदूक हलकी असल्यामुळे धक्का तक्त्यातल्यापेक्षा जास्त जाणवतो, हे आधीच लक्षात घ्या. पैसे वाचवायला घेतलेला पहिला स्कोप मात्र मी ऑक्टोबरातच बदलला. थंडीतून गाडीत आणला की आतून धुकं धरायचा.

नऊ महिन्यांत १८० बार काढले. टेबलावर टेकून तीन गोळ्या १०० यार्डांवर दीड इंचात बसतात. जमिनीवर बसून, काठ्यांच्या आधाराने चार इंच. उभ्याने, आधाराशिवाय... जाऊ दे. म्हणून मी स्वतःला १२० यार्डांची मर्यादा घातली आहे, काडतूस त्याच्या कितीतरी पुढे पोचत असलं तरी. कानाला कायम दुहेरी संरक्षण, आत बोळे आणि वर मफ.

हंगामाच्या पहिल्या पहाटे उणे नऊ होतं. बोल्टला मी हौसेने भरपूर तेल चोपडलं होतं, ते थंडीत घट्ट झालं. घरी जाऊन सगळं पुसून कोरडं केलं, त्यात सकाळ गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी मादी आली, आडवी उभी राहिली, पुढच्या पायाच्या मागे नेम. धक्का आठवतच नाही. चाळीसेक यार्ड धावली आणि पडली. गोळी आरपार गेली होती, बर्फावर माग शोधावा लागला नाही.

आमच्या भागातल्या हरणांत सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग २००२ पासून माहीत आहे, म्हणून डोकं तपासणीच्या पेटीत टाकलं आणि निकाल येईपर्यंत मटण फ्रीझरला. निकाल निगेटिव्ह आल्यावर सुकं केलं. या मटणाला चरबी अजिबात नाही. वाटणात खोबरं वाढवा, नाहीतर कोरडं पडतं.

तक्रार एकच, ७ एमएम-०८ ची काडतुसं गावातल्या दुकानात मिळत नाहीत. .३०८ चे डबे रांगेने असतात, याचा एखादा, तोही शिशाचा. तांब्याच्या वीसांना ५० डॉलरच्या आसपास पडतात. जानेवारीत ऑनलाइन सहा डबे घेऊन ठेवलेत, सगळे एकाच लॉटचे, म्हणजे स्कोप पुन्हा जुळवत बसायला नको.