बोटीच्या खिडक्या बसवून देणाऱ्याने मला कसं फसवलं

बोटीच्या केबिनच्या जुन्या, धुरकट झालेल्या खिडक्या काढून नव्या बसवायचं काम मी एका कारागिराला दिलं होतं. त्याने पैसे पूर्ण घेतले आणि ठरलेल्यातलं जवळपास काहीच केलं नाही. हे सविस्तर लिहितोय, कारण या कामात चोरी जिथे होते ती जागा काम संपल्यावर दिसतच नाही. खिडकीची पारदर्शक प्लास्टिकची शीट आणि चौकट यांच्यामधल्या चार-पाच मिलिमीटरच्या फटीत काय भरलंय, हे खिडकी उचकटल्याशिवाय कळायला मार्ग नसतो. फसवणाऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं.

ठरलं होतं ते असं: १० मिलिमीटर जाडीचं, उन्हापासून संरक्षण देणारा थर असलेलं पॉलिकार्बोनेट (काचेऐवजी वापरतात ते चिवट पारदर्शक प्लास्टिक), जुनं सीलंट, म्हणजे फट बुजवणारं द्रव्य, मुळापासून खरवडून काढणं, चौकटीभोवतीचं कुजलेलं प्लायवूड बदलून तिथे इपॉक्सी (घट्ट होणारं राळेसारखं द्रव्य) भरणं, आणि प्लास्टिकच्या खिडक्यांसाठीच बनवलेलं मरीन सीलंट. बिलावर हे सगळं आलं. इपॉक्सीचे पैसे वेगळे, सीलंटच्या नळ्यांचे वेगळे.

काम दिसायला अप्रतिम होतं, हे मान्य करायलाच हवं. कडेची काळी रेघ इतकी सरळ की बघणारे कौतुक करायचे. पहिल्या मोठ्या पावसानंतर बाकावरची गादी खालून ओली लागली. कारागीर म्हणाला, आतली वाफ काचेवर थंडावते, तेच पाणी. वरवर पटेल असंच कारण आहे हे, आणि अनेकांना हेच ऐकवलं जातं. पण वाफेचं पाणी शीटच्या आतल्या अंगावर सगळीकडे थेंबाथेंबाने जमतं, आणि कोरड्या दिवशी सकाळीही दिसतं. माझ्याकडे शीट कोरडी होती आणि पाणी आतल्या अस्तरामागून येत होतं. खात्री करायची तर एकाने आत बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडावं, आधी फक्त खालच्या कडेवर, मग बाजूंवर, शेवटी वर. एकदम वरून सोडलं तर पाणी अस्तरामागून वाहत भलतीकडेच निघतं आणि गळती नेमकी कुठे आहे ते समजत नाही. आमच्याकडे पहिल्याच टप्प्यात, खालच्या कोपऱ्यातून धार लागली.

त्यावर त्याने येऊन बाहेरून आणखी एक रेघ ओढली आणि गेला. पुढच्या पावसात पुन्हा तेच झालं. नंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

मग दुसऱ्या, जाणत्या माणसाला बोलावलं आणि खिडकी उघडली. बाहेरची ती सुबक रेघ त्याने टोकाला धरून ओढली, तर अख्खी एका फितीसारखी सुटून हातात आली. तिची खालची बाजू गुळगुळीत, चकचकीत होती, म्हणजे ती कशालाच चिकटलेली नव्हती. तिच्याखाली जुनं करडं सीलंट जागच्या जागी होतं, त्याच्यावरच नवं थापलेलं. स्क्रू काढले, तर प्रत्येक भोकापासून शीटमध्ये केसासारखे तडे पसरलेले. आणि चौकटीच्या खालच्या बाजूला, जिथे इपॉक्सीचे पैसे लावले होते, तिथे काळ्या पडलेल्या प्लायवूडवर नुसता रंग फासलेला. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं तर सहज आत गेलं आणि बाजूने पाणी पाझरलं.

सीलंटचं बघा. काम चालू असताना केबिनमध्ये व्हिनेगरसारखा आंबट वास सुटला होता. मी विचारलं, तर ‘मरीन सीलंटचा असाच वास असतो’ असं उत्तर मिळालं. असा वास बाथरूममध्ये वापरतात त्या स्वस्त सिलिकॉनचा असतो. ते सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं. खिडक्यांच्या जोडणीसाठी न्यूट्रल प्रकारचं, म्हणजे सुकताना असं आम्ल न सोडणारं सिलिकॉन लागतं, उदाहरणार्थ इमारतींच्या काचांसाठीचं डाउसिल ७९५, जे अनेक बोटवाले वापरतात. नाहीतर सिकाफ्लेक्स २९५ यूव्हीसारखं, प्लास्टिकच्या खिडक्यांसाठीच केलेलं पॉलियुरेथेन, तेही कंपनीने सांगितलेल्या प्रायमरसह. साधं पॉलियुरेथेन पारदर्शक शीटच्या मागे उन्हाने खराब होतं आणि पॉलिसल्फाइड प्रकारचं सीलंट तर ॲक्रिलिक (खिडक्यांसाठीचं दुसरं पारदर्शक प्लास्टिक) आणि पॉलिकार्बोनेट दोन्हीला खातं. त्यामुळे ‘मरीन’ एवढ्या एका शब्दावर समाधान मानू नका, पूर्ण नाव विचारा.

माझ्याकडे त्याने चांगल्या कंपनीच्या रिकाम्या नळ्या डेकवर मांडून ठेवल्या होत्या, हिशेब दाखवायला म्हणून. त्या मी फेकल्या नव्हत्या. नंतर बघितलं, तर नोझलमध्ये सुकून बसलेलं सीलंट पांढरं होतं. माझ्या खिडक्यांना काळं लावलंय. म्हणजे त्या नळ्या दुसऱ्याच कुठल्यातरी कामावर वापरलेल्या आणि इथे फक्त दाखवायला आणलेल्या. नळी तुमच्यासमोर कापली गेली पाहिजे, आणि कापण्याआधी तिच्यावरची मुदतीची तारीख वाचायला मागा.

शीटच्या बाबतीतही हाच खेळ. शीट आली तेव्हा वरची संरक्षक फिल्म आधीच काढलेली होती. संरक्षक थर असलेल्या पॉलिकार्बोनेटवर उन्हाकडे कुठली बाजू ठेवायची हे त्या फिल्मवरच छापलेलं असतं, म्हणून फिल्मशिवाय आलेली शीट घेऊच नये. काढलेल्या खिडकीचा एक कोपरा आम्ही पकडीत धरून वाकवला, तर तो कट्कन तुटला. पॉलिकार्बोनेट वाकतं, असं तुटत नाही. एक तुकडा उघड्यावर पेटवून पाहिला, तो गोडसर वास सोडत शांतपणे जळत राहिला. पॉलिकार्बोनेट ज्योत बाजूला नेली की बहुधा विझतं. म्हणजे ते ॲक्रिलिक होतं. वजनावरून हा फरक ओळखू येत नाही, दोघांची घनता जवळजवळ सारखीच असते.

ॲक्रिलिक वाईट असतं असं मुळीच नाही. चांगलं कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेलं ॲक्रिलिक बोटींवर सर्रास वापरतात आणि उन्हात ते टिकतंही छान. पण एकाचे पैसे घेऊन दुसरं लावायचं, तेही ८ मिलिमीटरचं, ही उघड चोरी आहे. दोन मिलिमीटरने काय बिघडतं, असं वाटेल. वाकण्याला तोंड देण्याची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे १० च्या जागी ८ आलं की ६४ टक्केच ताकद उरते. लाट आदळण्याच्या जागी हा फरक जिवावर बेतू शकतो. खिडक्या आणि हॅच (डेकवरची उघडझाप होणारी झाकणं) यांच्यासाठी आयएसओ १२२१६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि शीट किती जाड हवी हे त्यात खिडकीच्या आकारावर आणि जागेवर ठरतं. व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसवण्याआधी कडेची जाडी स्वतः मोजा.

आता ते तडे. ॲक्रिलिक उष्णतेने काचेपेक्षा कितीतरी जास्त फुगतं: एक मीटर लांबीची शीट तापमान ३० अंशांनी बदललं की सुमारे दोन मिलिमीटर वाढते किंवा आक्रसते. बोटीची फायबरची बॉडी त्याच्या निम्म्यानेही हलत नाही. ही हालचाल सीलंटच्या जाड थराने झेलायची असते, म्हणून शीटखाली छोटे स्पेसर ठेवून किमान तीन-चार मिलिमीटरची जागा राखतात. भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडतात, आणि पाचरीसारखे रुतणारे स्क्रू न वापरता सपाट बुडाचे, वॉशरसह वापरतात. इथे भोकं स्क्रूच्या मापाची, स्क्रू कचकचून आवळलेले, आणि मधलं सीलंट पिळून बाहेर आलेलं. आत कागदाएवढा थर राहिला होता. त्या पिळून आलेल्या सीलंटचीच ती सुंदर रेघ झाली होती.

दुसऱ्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो ही घाण काढण्यात. सिलिकॉनचा अंश फायबरवर राहिला तर त्यावर पुढे काहीच धरत नाही, ना रंग, ना दुसरं सीलंट. खरवडणं, घासणं, पुसणं, परत घासणं. त्याने कुजलेलं लाकूड कापून काढलं, जागा पूर्ण वाळू दिली, मग इपॉक्सी भरलं. सीलंट लावायच्या आधी शीट कोरडीच जागेवर ठेवून मला चारही बाजूंची फट दाखवली. आणि सीलंट पक्कं होईपर्यंत बोट हलवू दिली नाही. असं सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने कडेकडून आत हळूहळू धरतं, त्यामुळे रुंद जोडणीला कित्येक दिवस लागतात. संध्याकाळी बसवून सकाळी ‘घ्या, तयार’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पैसे परत मिळाले नाहीत. मागायला गेलो तेव्हा त्याने बिलाच्या मागची बारीक ओळ दाखवली: खिडकी दुसऱ्या कुणी उघडली तर हमी रद्द. गळतीचं खरं कारण उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि उघडलं की हमी जाते. तुमच्या बिलावर असं कलम असेल तर काम सुरू होण्याआधीच त्याच्याकडून खोडून घ्या, आणि पाइपने पाणी मारून बघेपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा. तो तयार नसेल तर बोट त्याच्या ताब्यात देऊ नका.