वायूचे तापमान: एक कॅमेरा की दोन?

वायूत टोल्युइन या द्रावकाची थोडी वाफ मिसळून २६६ नॅनोमीटरच्या लेसरचा पातळ पडदा त्यातून सोडला की वाफ अतिनील प्रकाशात चमकते. तापमान वाढेल तशी चमक झपाट्याने उतरते. चमकेवरून तापमान ओळखायला एका कॅमेऱ्याला एवढं पुरतं. मांडणी सोपी, नॉइज (चित्रातली नको असलेली खरखर) कमी. पण वाफ सगळीकडे सारखी हवी. नाहीतर विरळ जागाही गरम भासते.

तापताना हा प्रकाश लांब तरंगलांबीकडे सरकतो. म्हणून दोन कॅमेऱ्यांनी तरंगलांबीचे दोन पट्टे टिपून त्यांच्या चमकेचं गुणोत्तर काढलं, की वाफेचं प्रमाण आणि लेसरचे चढउतार दोन्ही कटतात. मात्र चित्रं पिक्सेलला पिक्सेल जुळवणं जिकिरीचं, शिवाय गुणोत्तरात नॉइज वाढतो. तरीही दोन प्रवाह मिसळत असतील, तर मी दोन कॅमेरेच लावेन. ऑक्सिजन ही चमक दाबतो, त्यामुळे शक्यतो नायट्रोजन वापरा.