घरच्या रंगकामासाठी स्वस्त कॉम्प्रेसर: मोठी टाकी की जास्त हवा?

कॉम्प्रेसर घ्यायला निघालेला माणूस आधी टाकीचे लिटर बघतो, मग मोटरचे एचपी, मग प्रेशरचा आकडा. टायरमध्ये हवा भरायची असेल तर हे चालून जाईल. स्प्रे पेंटिंगसाठी मात्र या तिन्ही आकड्यांच्या आधी एक प्रश्न येतो: गन कुठली वापरणार? गन मिनिटाला किती हवा खाते ते कळलं, की निम्मे पर्याय आपोआप गळतात. म्हणून माझा सल्ला असा, की आधी गन ठरवा आणि मग तिला पुरेल असा कॉम्प्रेसर शोधा.

प्रेशरची चिंता करू नका. घरगुती कॉम्प्रेसर जवळपास सगळेच ८ बारपर्यंत, म्हणजे सुमारे ११५ पीएसआयपर्यंत जातात आणि गनला लागतात २ ते ३ बार. कमी पडतं ते हवेचं प्रमाण. ते लिटर प्रति मिनिट किंवा सीएफएममध्ये (घनफूट प्रति मिनिट) मोजतात. १ सीएफएम म्हणजे साधारण २८ लिटर प्रति मिनिट.

गन किती हवा खाते

पूर्ण आकाराची एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गन रंग हवेत कमी उडवते. तिच्या टोकाशी हवेचा दाब १० पीएसआयच्या आत राहतो, त्यामुळे निदान ६५ टक्के रंग वस्तूवर बसतो अशी अपेक्षा असते. पण त्यासाठी तिला मिनिटाला २२५ ते ४०० लिटर हवा लागते. बजेटमधला कुठलाही घरगुती कॉम्प्रेसर एवढी हवा सलग देत नाही. एचव्हीएलपीची शिफारस सगळीकडे ऐकू येते, ती गॅरेजमधल्या मोठ्या यंत्रांच्या हिशेबाने असते.

एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) गन १०० ते १७० लिटरमध्ये भागवते. ती थोडी सावकाश चालवावी लागते आणि रंग नीट पातळ करून घ्यावा लागतो, पण घरच्या कामाला मला हीच सर्वांत शहाणी निवड वाटते. त्याहून लहान, ०.८ ते १ मिमी नोझलची टच-अप गन ६० ते ११५ लिटर घेते. खुर्ची, सायकलची फ्रेम, ड्रॉवरचे पुढचे भाग यांना ती पुरते. एअरब्रशला ३० लिटरही लागत नाहीत.

नोझलचा आकार रंगाप्रमाणे ठरतो. शेवटच्या हाताला १.३ किंवा १.४ मिमी आणि जाड प्रायमरला १.७ च्या पुढे. नोझल वाढलं की सहसा हवाही जास्त लागते, त्यामुळे लहान कॉम्प्रेसरवर जाड प्रायमर मारायचा विचार सोडून द्यावा. प्रायमर ब्रशने लावा, घासून गुळगुळीत करा आणि गन वरच्या हातांसाठी ठेवा.

टाकीचे लिटर आणि हवेचे लिटर

खरेदीतली मोठी गफलत इथे होते, म्हणून हिशेब पूर्ण मांडतो. समजा गन मिनिटाला १३० लिटर घेते. टाकी ८ बारला भरलेली आहे, दाब ६ बारला उतरला की मोटर सुरू होते आणि ३ बारच्या खाली गेला की फवारा बिघडायला लागतो.

पहिला कॉम्प्रेसर २४ लिटर टाकीचा, प्रत्यक्षात ८० लिटर हवा देणारा. ८ वरून ६ बारवर येताना टाकीतून ४८ लिटर हवा (२४ गुणिले २ बार) निघते, म्हणजे २२ सेकंद. पुढे मोटर चालू असताना मिनिटाला ५० लिटरची तूट पडते. ६ ते ३ बारमधले उरलेले ७२ लिटर दीड मिनिटाच्या आत संपतात. ट्रिगर सलग दाबून धरला तर एकूण पावणेदोन मिनिटं मिळतात.

दुसरा तेवढ्याच हवेचा, पण ५० लिटर टाकीचा. त्याच हिशेबाने पावणेचार मिनिटं. मात्र टाकी परत ३ वरून ८ बारवर भरायला तीन मिनिटांहून जास्त थांबावं लागेल. लहान टाकी दीड मिनिटात भरते.

तिसरा पुन्हा २४ लिटरचाच, पण १२० लिटर हवा देणारा. इथे तूट फक्त १० लिटरची आहे, त्यामुळे साडेसात मिनिटं मिळतात. दुप्पट टाकी असलेल्या कॉम्प्रेसरपेक्षा याच्यावर दुप्पट वेळ काम चालतं. शिवाय रंगवताना प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला आपण ट्रिगर सोडतोच, त्यामुळे व्यवहारात हा कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नाही.

टाकी हवा साठवते, तयार करत नाही. दोन कॉम्प्रेसरची किंमत सारखी असेल आणि एकाची टाकी मोठी, दुसऱ्याची हवा जास्त असेल, तर रंगकामासाठी दुसरा घ्या. मोठ्या टाकीचे फायदे खोटे नाहीत: मोटर वारंवार चालू-बंद होत नाही, हवा टाकीत थंड होते आणि पाणी तळाशी बसतं. पण ते फायदे नंतरचे.

आता डब्यावरचा आकडा. स्वस्त कॉम्प्रेसरवर बहुधा पिस्टन किती हवा ओढतो ते ठळक छापलेलं असतं. बाहेर येणारी हवा त्याहून बरीच कमी, बऱ्याचदा दोन तृतीयांशाच्या आसपास असते. एफएडी (प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा) किंवा 'अमुक बारला इतके लिटर' असा आकडा दिला असेल तर तो धरावा. दिला नसेल तर स्वतः मोजता येतो. गनचा पाइप बंद ठेवून टाकी भरू द्या आणि काटा ४ वरून ६ बारवर जायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. टाकीचे लिटर गुणिले दाबातला फरक, भागिले सेकंद, गुणिले ६०. २४ लिटरच्या टाकीला ३६ सेकंद लागले तर कॉम्प्रेसर ८० लिटरचा, २४ सेकंद लागले तर १२० लिटरचा. दुकानात यंत्र लावून दाखवत असतील तर हे तिथेच करून घ्या. एचपीच्या आकड्यापेक्षा या एका मोजणीवर माझा जास्त भरवसा आहे, कारण एचपी बऱ्याचदा मोटर सुरू होतानाच्या क्षणिक जोराचा छापतात.

सायलेंट ऑइल-फ्री की तेलाचा?

बजेटमध्ये खरी लढत या दोघांत असते, तीही २४-२५ लिटरच्या गटात.

सायलेंट ऑइल-फ्री कॉम्प्रेसरमध्ये मोटरच्या दोन्ही बाजूंना एकेक पिस्टन असतो आणि मोटर मिनिटाला १४०० ते १७०० फेरे अशी सावकाश फिरते. आवाज ६० ते ७० डेसिबलच्या घरात, शेजारी उभं राहून बोलता येतं. तेल बघायचं, बदलायचं काम नाही, आणि हवेत तेल येण्याचा प्रश्नच नाही. रंगकामात ही मोठी गोष्ट आहे: तेलाचा बारीक थेंब पृष्ठभागावर पडला की त्या जागी रंग मागे सरतो आणि गोल खळगा दिसतो. वरून कितीही हात मारले तरी तो जात नाही, घासून पुन्हा सुरुवात करावी लागते. उणी बाजू अशी, की एका मोटरवाल्या सायलेंट यंत्राची प्रत्यक्ष हवा सहसा ६० ते १०० लिटरच असते आणि तेलाशिवाय घासणाऱ्या रिंगा लवकर झिजतात.

तेलाचा डायरेक्ट-ड्राइव्ह, म्हणजे बेल्टशिवाय मोटरला थेट जोडलेला कॉम्प्रेसर तेवढ्याच किमतीत जास्त हवा देतो, दीड-दोन एचपीचा असेल तर ११० ते १४० लिटर. नीट जपला तर टिकतोही जास्त. पण मोटर जवळपास दुप्पट वेगाने फिरते आणि आवाज ९० डेसिबलच्या आसपास जातो. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो, तेव्हा हा फरक किती मोठा आहे ते लक्षात येईल. भिंतीला भिंत लागून घर असेल तर हा कॉम्प्रेसर मनाजोगता वापरताच येत नाही. तेलाची पातळी काचेतून बघत राहावी लागते आणि यंत्र आडवं करून नेता येत नाही. तेलाच्या धास्तीने मात्र याला बाद करू नये. रिंगा धड असतील आणि फिल्टर लावलेला असेल तर तेल इतकं कमी येतं की साध्या एनॅमलला त्रास होत नाही.

जुना, आवाज करणारा ऑइल-फ्री असा तिसरा प्रकारही स्वस्तात मिळतो. हवा मध्यम, आयुष्य कमी आणि आवाज तेलाच्या यंत्राइतका. रंगकामासाठी तो घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

फ्लॅटमध्ये राहत असाल, टच-अप किंवा लहान एलव्हीएलपी गन वापरणार असाल, तर सायलेंट ऑइल-फ्री घ्या, आणि १०० लिटरच्या जवळ जाणारा घ्या. मोकळी जागा असेल, दारं-कपाटं रंगवायची असतील, तर तेलाचा डायरेक्ट-ड्राइव्ह. बेल्टवर चालणारा कॉम्प्रेसर या दोघांपेक्षा थंड चालतो आणि वर्षानुवर्षं टिकतो, पण तो जड असतो आणि बजेटच्या बाहेर जातो. महिन्यातून अनेकदा काम निघत असेल तरच त्याच्याकडे वळा. ६ किंवा ८ लिटरच्या छोट्या टाकीचा कॉम्प्रेसर एअरब्रशला उत्तम आहे, गनला नाही.

पाणी, पाइप आणि वीज

हवा दाबली आणि मग थंड झाली की तिच्यातलं पाणी सुटतं. हे ऑइल-फ्रीमध्येही होतं आणि दमट दिवसांत खूप होतं. पाण्याचा फिल्टर सहसा कॉम्प्रेसरलाच जोडून येतो. पण तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपात फिल्टरमधून निघून जातं आणि पुढे पाइपमध्ये थंड होऊन थेट रंगात उतरतं. ८-१० मीटर पाइप ठेवून त्याच्या गनकडच्या टोकाला दुसरा लहान फिल्टर लावला की हा त्रास बराच कमी होतो. टाकीच्या तळाचा कॉक दर वेळी काम संपल्यावर उघडायचा.

पाइप आतून ८ मिमीचा घ्या. स्वस्त गुंडाळी पाइप आतून ५-६ मिमीचा असतो आणि गनपर्यंत पोचेपर्यंत दाब खाऊन टाकतो. दाबाचा काटाही गनपाशीच हवा, आणि ट्रिगर दाबून तो वाचायचा. ट्रिगर सोडलेला असताना दिसणारा आकडा फसवा असतो. दाब कमी पडला की रंगाचे थेंब मोठे राहतात आणि वाळल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. लोक रंगाला दोष देतात, पण अशा वेळी आधी पाइप तपासावा.

वीज लांब न्यायची वेळ आली तर वायर वाढवू नका, हवेचा पाइप वाढवा. बारीक एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडतं, मोटर उठत नाही आणि तापते. स्वस्त कॉम्प्रेसर अर्धा वेळ चालणं आणि अर्धा वेळ थांबणं या हिशेबाने बनवलेले असतात. तो तापून स्वतःहून बंद पडला तर ओव्हरलोडचं बटण लगेच दाबू नका, थंड होऊ द्या.

यंत्र फवाऱ्यापासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर असावं. प्रेशर स्विचमध्ये ठिणगी पडते आणि थिनरची वाफ पेट घेऊ शकते. मास्क कापडी चालणार नाही, सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला हवा. हार्डनर घालायच्या टू-के रंगांत आयसोसायनेट असतात. त्यांचा दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो आणि त्यांना बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो, त्यामुळे घरच्या कामात हे रंग फवारूच नयेत. अल्किड एनॅमल किंवा पाण्यावर आधारित रंगांनी घरचं बहुतेक काम होतं.

कॉम्प्रेसर न घेता

एकच स्टूल रंगवायचं असेल तर स्प्रेचा डबा आणा. भिंतींना रोलर बरा. कुंपण, मोठी लाकडी दारं, जाडसर रंग अशा कामाला हातात धरायचा टर्बाइनवाला विजेचा स्प्रेयर सोयीचा पडतो. त्याची हवा उबदार आणि कोरडी असते, पाण्याचा त्रास नसतो. पण त्याचे थेंब मोठे असतात, चकचकीत फर्निचरचा हात त्याच्याकडून मागू नये. कॉम्प्रेसर खरा शोभतो तो वर्षाकाठी अनेक लहान वस्तू नीट, गुळगुळीत रंगवायच्या असतील तेव्हा. आणि तो टायरला आणि धूळ उडवायलाही कामी येतो.

घ्यायचं ठरलं तर सगळे पैसे यंत्रात घालू नका. बरी गन, ८ मिमी पाइप, दोन फिल्टर, दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि मास्क यांचा खर्च आधी बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेत बसेल तो कॉम्प्रेसर निवडा. भारी यंत्रावर खेळण्यातली गन लावण्यापेक्षा साध्या यंत्रावर चांगली गन लावली तर काम निश्चित चांगलं उतरतं.

जुना कॉम्प्रेसर स्वस्तात मिळत असेल तर हेडपेक्षा (पिस्टनच्या भागापेक्षा) टाकी जास्त बारकाईने बघा. टाकी आतून गंजते आणि बाहेरून कळत नाही. तळाचा कॉक उघडून गढूळ, तांबूस पाणी आलं, किंवा तळाला वेल्डिंगचे ठिगळ दिसले, तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून हवा सुटते का आणि सोडल्यावर तो परत घट्ट बसतो का, तेही विकणाऱ्याच्या समोरच पाहून घ्या.