दारव्ह्याचे रोडगे आणि दहावीतला आचारी

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात शेतावर येऊन रोडग्यांचे, म्हणजे गोवऱ्यांच्या राखेत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचे, जेवण करून देणारे आचारी शोधायला फार फिरावे लागत नाही. त्यांपैकी ज्याच्याविषयी मी लिहितो आहे त्याच्या दुकानाला पाटी नाही, कारण मुळात दुकानच नाही. दोन मोठे गंज (पातेली), एक लोखंडी कढई, चार पराती, हातभर लांबीचा सराटा (उलथणे) आणि हे सगळे वाहून नेणारा तीनचाकी ऑटो, एवढ्यावर त्याचा धंदा उभा आहे. तो माझा दहावीचा वर्गमित्र आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. पुढची स्तुती आणि तक्रार किती धरायची ते वाचणाऱ्याने ठरवावे.

आमची बॅच १९९४ ची. त्या वर्षी मार्चमध्ये आम्ही दहावीची परीक्षा दिली आणि एप्रिलमध्ये शकुंतलेचे, म्हणजे आमच्या भागातल्या छोट्या रेल्वेचे, वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले, म्हणून ‘जुन्या शिट्टीची शेवटची बॅच’ असे आम्ही स्वतःला म्हणवून घेतो. ती गाडीही आता बंद पडली आहे. तीस वर्षे झाली म्हणून जानेवारी २०२४ मध्ये एका मित्राच्या मळ्यात भेटायचे ठरले. यवतमाळला हॉल घ्यावा, फेटे बांधावेत, असाही एक प्रस्ताव आला होता, पण वांग्याच्या हंगामात रोडगे सोडून हॉलमधले पनीर कोण खाणार?

आता जेवणाविषयी. रोडग्याचे पीठ जाडसर दळलेले हवे, हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी ऐनवेळी चक्कीवरचे नेहमीचे बारीक पीठ आणणारे आचारी मी पाहिले आहेत. आमच्या आचाऱ्याने गहू स्वतः उभे राहून दळून आणला होता. ओवा, हळद, मीठ आणि तेलाचे मोहन घालून त्याने कणीक घट्ट भिजवली, लहान-मोठ्या पाऱ्या तेलाचा हात लावून एकात एक बसवल्या आणि त्यांचे गोळे करून गोवऱ्यांचा जाळ पूर्ण बसेपर्यंत ते ओल्या फडक्याखाली झाकून ठेवले. बहुतेकांची घाई याच ठिकाणी नडते. गोवरी धुरत असताना रोडगा आत गेला तर वरून करपतो, आतून कच्चा राहतो आणि त्याला धुराचा वास धरतो. इथे तसे काही झाले नाही. राखेतून काढलेला रोडगा त्याने फडक्याने झटकला आणि दोन तळव्यांत दाबला, तेव्हा तो पापुद्र्या-पापुद्र्याने उकलला आणि आतून वाफ निघाली. त्यावर त्याने साजूक तूप ओतले, तेही चमच्याने नव्हे, वाटीने. तुरीचे वरण साधे आणि उत्तम होते.

वांग्याच्या भाजीबाबत मात्र मी इतका उदार होऊ शकत नाही. शेंगदाणे, सुके खोबरे आणि खसखस यांचे वाटण चांगले जमले होते, वर तर्रीही देखणी आली होती. परंतु पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, जाळ मोठा ठेवून आचारी गप्पांत रमला आणि भाजी बुडाला लागली. पहिल्या पंगतीला ते कळले नाही, दुसऱ्या पंगतीला कळले. एक वाजताचे जेवण पावणेतीनला सुरू झाले, आणि हात धुण्यासाठी एकच ड्रम असल्यामुळे तिथे एसटीच्या दारात होते तशी रेटारेटी झाली. पत्रावळी यंत्रावरच्या कागदी होत्या. तालुक्यात पळस असताना हे पटत नाही, पण आता सर्वत्र तेच चालते.

दर माणशी १८० रुपये होता. साठ जण येणार म्हणून सांगितले होते आणि प्रत्यक्षात त्रेचाळीस आले. आमच्यापैकी बँकेत असलेल्या एकाने मैत्रीखातर सूट मागितली, तेव्हा आचारी म्हणाला, “दोस्तीत मी जास्त लावत नाई, तर तू कमी मांगू नको, लेका.” मात्र न आलेल्या सतरा जणांचे पैसे त्याने लावले नाहीत आणि उरलेले पीठ व तूप मळ्याच्या मालकाकडे मोजून दिले. ज्यांनी शहरात लग्नाची केटरिंग केली आहे, त्यांना या वागण्याची किंमत सांगावी लागणार नाही.

हिशेब त्याने दोनशे पानी वहीत लिहिला होता. डाव्या बाजूला पट्टीने आखलेला समास होता, अगदी आमच्या गणिताच्या सरांना लागायचा तसा दोन बोटांचा. ती वही पाहून मला दुसरी एक वही आठवली. दहावीच्या वर्षी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्याला वडिलांबरोबर कापूस वेचायला जावे लागे, आणि तेवढे दिवस आम्ही तिघे आळीपाळीने त्याची वही उतरवून ठेवत असू. त्या वहीत त्याच्यासकट चार अक्षरे होती. मार्चमध्ये तो गणितात राहिला, ऑक्टोबरमध्ये सुटला. आमची अक्षरे वाचता आली नाहीत म्हणून आपण नापास झालो, हा आरोप त्याने मळ्यातही केला, आणि तीस वर्षांत आम्हाला तो खोडून काढता आलेला नाही.

हे विषयांतर नव्हे, कारण या सेवेचा दर्जा आणि ही ओळख वेगळी करता येत नाहीत. नोकरीत झालेले मित्र आपल्याला हुद्द्यासकट ओळखतात. कॉलेजात, निदान आमच्या पिढीत, घरची परिस्थिती लपवण्याइतके शहाणपण आलेले होते. शाळेतल्या मित्राने मात्र आपली फाटकी चड्डी, आपल्या वडिलांची उधारी आणि आपला वर्गात फुटलेला घाम हे सगळे पाहिलेले असते, त्यामुळे त्याच्यापुढे सोंग चालत नाही. मुलींशी आम्ही त्या काळी एक वाक्यही बोललो नव्हतो. परभणी, नागपूर अशा सासरांहून आलेल्या त्या वर्गमैत्रिणींनी चुलीजवळ बसून गोळ्यांच्या पाऱ्या लावल्या, तेव्हा कोणाला किती आठवते आहे ते कळले. त्यांना आमच्यापेक्षा जास्त आठवत होते.

जेवणे आटोपल्यावर आचाऱ्याने आठ रोडगे आणि वरणाचा डबा बाजूला काढला आणि मोटारसायकलला पिशवी अडकवली. शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले त्याच वर्षी, म्हणजे २००६ साली, आमचा एक कास्तकार मित्र गेला. त्याची बायको आणि आई बारा किलोमीटरवरच्या गावात राहतात, आणि मुलीच्या शिक्षणाचा खर्च वर्गातले पाच जण वाटून घेत आले आहेत. त्या पाचांत हा आचारी आहे, हे मला त्या दिवशी कळले, तेही दुसऱ्याकडून. ते आठ रोडगे बिलात नव्हते.

बोलवायचे असल्यास आठवडाभर आधी सांगावे, पाण्याचे ड्रम आपले आपण ठेवावेत, नेमका आकडा द्यावा आणि भाजीच्या वेळी त्याच्याजवळ गप्पिष्ट माणूस बसू देऊ नये. आमच्या वेळी तो माणूस मीच होतो.

संध्याकाळी गंज घासून ऑटोत चढवताना त्याने विचारले, “काऊन बे, जेवण कसं झालं, खरं सांग.” मी भाजी बुडाला लागल्याचे सांगितले. त्याने वही काढली, समासात ‘वांगे, जाळ कमी’ असे लिहिले आणि खाली माझी सही घेतली.