बालीच्या डोंगरातली एक दिवसाची गाडी-ड्रायव्हर टूर: घ्या, पण यादी अर्धी कापून

बालीला जाऊन नुसते बीच आणि उबुदची दुकानं बघून परत येणार असाल तर तसं करू नका, एक अख्खा दिवस काढा आणि वर डोंगरात जा, बेडुगुल आणि जातिलुविहच्या बाजूला. त्यासाठी ड्रायव्हरसकट गाडी दिवसभरासाठी घ्यायची, ग्रुप टूरच्या बसमध्ये अजिबात बसायचं नाही. हा रिव्ह्यू त्या दिवसभराच्या गाडीचाच आहे. पैसे वसूल झाले का, तर झाले, पण टूरवाले जी यादी हातात देतात ती जशीच्या तशी मान्य केली असती तर झाले नसते हेही तितकंच खरं.

यादी सगळ्यांची थोड्याफार फरकाने तीच असते. आधी फोटोवालं ते उंच दगडी गेट, मग बेरातान तळ्यातलं देऊळ, मग झोपाळे, मग लुवाक कॉफी, मग जातिलुविहची भातखाचरं आणि शेवटी सूर्यास्ताला पार खाली समुद्रावरचं तानाह लोत देऊळ. वाचायला भारी वाटतं पण जरा नकाशा उघडून बघा, दक्षिणेकडून बेडुगुलला पोचायलाच दोन तास जातात, रस्ता अरुंद, वळणं भरपूर, त्यात मध्येच एखाद्या गावातली देवळाची मिरवणूक निघाली की गाडी जागच्या जागी उभी (आणि ते बघायला मजाच येते, त्याबद्दल तक्रार नाही). म्हणजे सहा ठिकाणं करायची तर प्रत्येक ठिकाणी उतरा, फोटो काढा, बसा, एवढंच होतं.

आम्ही गेट, झोपाळे, लुवाक आणि तानाह लोत सगळं कापलं. गेट म्हणजे एका गोल्फ रिसॉर्टचं प्रवेशद्वार आहे, देऊळबिऊळ काही नाही, फोटोसाठी पैसे भरून रांगेत उभं राहायचं. झोपाळ्यांचं तेच. लुवाक कॉफीला ड्रायव्हर फार प्रेमाने नेतात कारण बऱ्याच ठिकाणी त्यांना कमिशन असतं, आणि लुवाक नावाच्या ज्या मांजरासारख्या प्राण्याने कॉफीची फळं खाल्ल्यावर त्याच्या विष्ठेतून त्या बिया मिळतात तो बिचारा अनेकदा पिंजऱ्यात ठेवलेला असतो, मला ते बघवत नाही. आधीच स्पष्ट सांगितलं की कॉफी नको, शॉपिंग नको, तर आमच्या ड्रायव्हरदादांनी (तिथे ब्ली म्हणतात, आम्ही पण ब्लीच म्हणत होतो) तोंड अजिबात वाकडं केलं नाही, उलट म्हणाले मग लवकर निघू, तळ्यावर गर्दी व्हायच्या आत पोचू. हे ऐका. पहाटे निघा.

कारण बेरातान तळं १,२०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि तिथलं हवामान फार लहरी, सकाळी पाणी स्थिर, मागचा डोंगर स्वच्छ, आणि दुपार झाली की धुकं खाली उतरतं आणि तुम्ही पांढऱ्या पडद्याचे फोटो काढत बसता. पुरा उलुन दानू बेरातान हे देऊळ १६३३ चं, तळ्याची देवी देवी दानू हिचं. पाण्यात उभी ती अकरा छपरांची मेरू म्हणजे ताडजातीच्या झाडाच्या काळ्या तंतूंनी शाकारलेल्या छपरांची उतरंड, एकावर एक लहान होत गेलेली, आणि छपरांची संख्या नेहमी विषमच. ५०,००० रुपियाच्या जुन्या नोटेवर हेच देऊळ होतं. पाणी भरपूर असलं तर ते खरंच तरंगल्यासारखं दिसतं, पाणी उतरलेलं असलं तर खालची जमीन उघडी पडते, तेव्हा फोटोत बघितलेलंच दिसेल असं धरून जाऊ नका. आवारात बुद्धाचा स्तूप पण आहे आणि समोरच्या टेकडीवर मशीद, तिथली अजान तळ्यावरून ऐकू येते. आतल्या भागात टुरिस्टना सोडत नाहीत, बाहेरूनच बघायचं. बागेत मात्र कोणीतरी रंगीबेरंगी प्राण्यांचे पुतळे आणि हंसाच्या होड्या आणून ठेवल्यात, त्या का आणल्यात ते त्या देवीलाच माहीत.

माझ्या सासूबाई बरोबर होत्या. त्यांना देवळाच्या इतिहासात फार रस नव्हता, त्यांचा पहिला प्रश्न, हे पाणी जातं कुठे? कारण तळ्यातून बाहेर पडणारी नदी काही दिसत नाही. ब्लींनी सांगितलं की तळ्याचं पाणी जमिनीखालून झिरपून खाली झऱ्यांना येतं अशी इथली श्रद्धा आहे, म्हणून खालचे शेतकरी वर येऊन या देवीला नैवेद्य दाखवतात. मला वाटतं या दिवसाची खरी चावी इथेच आहे आणि टूरच्या पत्रकात ती कुठेही लिहिलेली नसते. तळं, देऊळ आणि खाचरं हे तीन वेगळे स्पॉट नाहीतच, एकाच पाण्याची गोष्ट आहे, म्हणून आधी तळं आणि मग शेतं याच क्रमाने जा.

वाटेत चांदीकुनिंगच्या बाजारात थांबलो, स्ट्रॉबेरी, भाज्या, मसाले, भाव करावा लागतो. दहा मिनिटं पुरे.

जातिलुविहला मात्र वेळच वेळ द्या. बातुकारू डोंगराच्या (२,२७६ मीटर) उतारावर खाचरांच्या पायऱ्या पसरल्यात, उबुदजवळच्या तेगलालांगसारख्या एका दरीत कोंबलेल्या नाहीत, नजर जाईल तिथपर्यंत. २०१२ मध्ये युनेस्कोने बालीच्या सुबक पद्धतीला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं त्यात हा भाग येतो. सुबक म्हणजे एका उगमाचं पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांची संस्था, ही पद्धत नवव्या शतकापासूनची. पाणी कुणाला किती, लावणी कधी, शेत कोरडं कधी ठेवायचं हे सगळे मिळून ठरवतात, त्यांचा प्रमुख असतो त्याला पेकासेह म्हणतात, आणि प्रत्येक सुबकची स्वतःची देवळं असतात. पाण्याच्या पाळीवरून आपल्याकडे सख्ख्या भावांची तोंडं फिरतात, त्यामुळे सासूबाईंना (माहेर अख्खं शेतकरी) हे पटतच नव्हतं, म्हणाल्या वरचा माणूस पाणी सोडतो कशाला?

याचं उत्तर फार मस्त आहे. सगळ्यांनी एकदम पीक काढून एकदम शेतं मोकळी ठेवली तर उंदरांना आणि किडीला खायला काही उरत नाही, त्यामुळे खालच्याला पाणी देण्यात वरच्याचाही फायदा, नाहीतर खालची कीड त्याच्याच शेतात चढणार. १९७० च्या दशकात सरकारने हरितक्रांतीच्या नावाखाली नवीन वाण आणले आणि शेतकऱ्यांना सुबकच्या देवळांत ठरणारं वेळापत्रक सोडून जमेल तितक्या वेळा पीक घ्यायला लावलं, तर पाण्याचा गोंधळ झाला आणि तुडतुड्यांनी शेतं फस्त केली. पुढे स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने कॉम्प्युटर मॉडेल करून दाखवलं की देवळांचं जुनं वेळापत्रकच बरोबर होतं. हे माहीत असलं की तिथे चालताना प्रत्येक पाट, प्रत्येक लाकडी वाटप-खाच थांबून बघाविशी वाटते, नुसती हिरवळ राहत नाही.

चालायला रंगानुसार आखलेल्या वाटा आहेत, छोट्या आणि लांब. आम्ही छोटी धरली, बरीचशी सपाट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमते, पण काही बांध निसरडे असतात तर चपला नकोत, बूट घाला. पूर्ण हिरवं दिसेलच असं नाही, कुठे नुसतं पाणी भरलेलं, कुठे पोटरीत आलेलं, कुठे कापणी होऊन बदकं सोडलेली. मला तर हे मिक्सच जास्त आवडलं. शेतात उतरून फोटो काढू नका प्लीज, कुणाचं तरी पीक आहे ते.

जेवण तिथेच एका वारुंगमध्ये (छोटी खानावळ) केलं. जातिलुविहचा लाल तांदूळ प्रसिद्ध आहे, जुना देशी वाण, तयार व्हायला साधारण सहा महिने घेतो, भात जरा चिवट लागतो पण चव आहे, त्याचा चहा पण मिळतो. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू सगळीकडे मिळतं पण सांबल चटणीत बहुतेक वेळा कोळंबीची पेस्ट असते, तिला तेरासी म्हणतात. ‘तांपा दागिंग, तांपा तेरासी’ म्हणजे मांस नको, ती पेस्ट नको, एवढं पाठ करून ठेवा, काम होतं.

परतताना मेंगवीचं तामान आयुन घेतलं. १६३४ चं राजघराण्याचं देऊळ, चारी बाजूंनी पाण्याचा खंदक आणि आत मेरूंची रांग. हे पण युनेस्कोच्या त्याच यादीत आहे तरी गर्दी कमी. बुटक्या भिंतीबाहेरून फेरी मारायची, अर्धा-पाऊण तास बास. इथे एका पाटीवर बालीचं शक वर्ष दिसलं आणि सासूबाई खूश, आपलं शालिवाहन शकाचंच गणित, त्यांचं नववर्ष न्येपी, त्या दिवशी अख्खं बेट बंद असतं, एअरपोर्टसुद्धा, तेव्हा मार्चमध्ये तिकीट काढताना तारीख बघा.

आता व्यवहाराचं. गाडी ठरवताना पेट्रोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचं जेवण धरून किंमत आहे का आणि किती तासांची आहे हे मेसेजवर लिहून घ्या, बहुतेक दहा तास देतात आणि पुढे तासाला जादा लावतात. एन्ट्री तिकिटं प्रत्येक ठिकाणी वेगळी, कॅश ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना १,५०,००० रुपियाचा वेगळा कर आहे, तो ऑनलाइन भरून क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा. एखादं पातळ जॅकेट हवंच, खालच्या घामाने फसू नका. देवळात सारोंग (कमरेला लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र) लागतो, स्वतःचा एक घेऊन टाका. पाळी चालू असताना आत येऊ नये अशा पाट्या देवळांवर असतात, ते पटो न पटो, माहीत असलेलं बरं.

बुयान आणि तांबलिंगान ही जुळी तळी आम्ही मुद्दाम सोडली. एका दिवसात ती कोंबायची तर जातिलुविहचे तास जातात, आणि वरच्या रस्त्यावरून बघून निघायचं तर कठड्यावरची माकडं आणि फोटोचे प्लॅटफॉर्मच जास्त दिसतात. तांबलिंगानवर मोटरबोटी नाहीत, जोडहोडीतून वल्हवत जायचं असतं. ज्यांना ते करायचंय त्यांनी जवळच्या मुंडुक गावात एक मुक्काम टाका, धबधबे पण तिथेच आहेत, आणि गाडी एकाच दिवसाची न घेता जाताना एक, येताना एक अशी ठरवा.