अल्टेरोमोनास: एक प्रजाती की दोन?

१९७२ मध्ये अल्टेरोमोनास ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) मांडली गेली, तेव्हा एका ध्रुवीय कशाभिकेने (पेशीच्या टोकाशी असलेल्या शेपटीसारख्या तंतूने) पोहणारे आणि डीएनएमध्ये ग्वानिन-सायटोसिन या घटकांचे प्रमाण स्यूडोमोनास या दुसऱ्या जीवाणू-प्रजातीपेक्षा कमी असलेले सागरी जीवाणू तिच्यात एकत्र आले. ओळख पटवण्यासाठी ही लक्षणे सोयीची होती. वंशनाते मात्र त्यांतून सिद्ध होत नव्हते. १९९५ मध्ये १६एस आरआरएनए (प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमचा एक घटक) जनुकांच्या क्रमांची तुलना करून बहुतेक जाती स्यूडोअल्टेरोमोनास या नव्या प्रजातीत हलवण्यात आल्या आणि मूळ नावाखाली केवळ अल्टेरोमोनास मॅक्लिओडाय उरली, कारण नियमानुसार प्रजातीचे नाव तिच्या प्रारूप जातीबरोबरच (प्रजातीचा नमुना म्हणून ठरवलेल्या जातीबरोबरच) राहते. जुने शोधनिबंध त्यामुळे नावे जुळवून वाचावे लागतात, तरीही दुसरी मांडणीच मला ग्राह्य वाटते: बाह्य लक्षणे दूरच्या वंशांतही स्वतंत्रपणे सारखी घडू शकतात.